गोमुखासमोरचे हिमोढ : दगडांच्या ढिगाऱ्यातल्या जीवसृष्टीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगोत्रीहून गोमुखापर्यंतचा, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या ज्या टोकातून भागीरथी निघते तिथपर्यंतचा, अठरा किलोमीटरांचा रस्ता मी आजवर पाच वेळा चालले आहे, बहुतेक वेळा महाराष्ट्रातल्या मंडळींना सोबत घेऊन. वाटेवरच्या भोजवासा या मुक्कामाला पोचलं, पाठीवरची पिशवी उतरवली, की कुणीतरी विचारतंच : "ताई, इथे तर काहीच नाही. नुसती दगडमाती. मग एवढी बंधनं कशासाठी?" प्रश्न अगदी मनापासूनचा असतो, आणि मलाही पहिल्या वेळी तोच पडला होता. तो आणि त्याच्या आसपासचे, पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हिमोढ म्हणजे नेमकं काय?

शाळेच्या भूगोलात हा शब्द आपण पाठ केलेला असतो. हिमनदी सरकताना डोंगराचे कडे खरवडते, वरून कोसळलेले दगड अंगावर घेते आणि ते सगळं वाहून नेऊन कडेला, मध्ये, तळाशी किंवा टोकाशी टाकते. हे टाकलेलं म्हणजे हिमोढ. शेतकरी शेतातले दगड वेचून बांधावर रचत जातो आणि बांध वर्षानुवर्षं वाढत जातो, पार्श्व, म्हणजे कडेचा, हिमोढ काहीसा तसाच तयार होतो.

नदीनं टाकलेला गाळ आणि हिमोढ यांत एक फरक आहे, तो जागेवर बघण्यासारखा आहे. नदी दगड चाळते : गोटे एकीकडे, वाळू दुसरीकडे, चिखल तिसरीकडे. बर्फ चाळत नाही. त्यामुळे गोमुखाजवळ खोलीएवढा धोंडा आणि त्याला टेकलेलं पिठासारखं मऊ चूर्ण एकाच जागी सापडतं. ते चूर्ण म्हणजे बर्फाच्या जात्यात दळलेला खडक. भागीरथीचं पाणी तिथे दुधाळ राखाडी दिसतं ते त्यामुळेच. पाणी घाण आहे असं समजून कुणी नाक मुरडलं की मला वाईट वाटतं.

स्थानिक गढवाली लोक हिमनदीला 'बामक' म्हणतात. मेरू बामक, कीर्ती बामक, चतुरंगी बामक, रक्तवर्ण बामक ही गंगोत्री हिमनदीच्या आसपासची नावं. त्यातल्या काही अजूनही मुख्य हिमनदीला भिडलेल्या आहेत, काही मागे हटून वेगळ्या झाल्या आहेत.

पण बर्फ कुठे आहे? फोटोत तर पांढरीशुभ्र हिमनदी असते!

तुम्ही पाहताय तो दगडांचा समुद्र हीच हिमनदी आहे. चौखंबा शिखरांच्या कुशीतून निघालेली ही हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे आणि तिचा खालचा बराचसा भाग दगडमातीनं झाकलेला आहे. बर्फ दिसतो तो गोमुखाच्या भिंतीत आणि हिमनदीच्या पाठीवरच्या छोट्या तळ्यांच्या काठांवर, तोही निळसर-काळपट.

हे पांघरूण पातळ असेल तर काळे दगड ऊन शोषतात आणि खालचा बर्फ जास्त भरभर वितळतो. तेच पांघरूण हात-दोन हात जाड असेल तर ऊन खाली पोचतच नाही आणि बर्फ टिकतो. म्हणून एकाच हिमनदीवर शंभर पावलांच्या अंतरात वितळण्याचा वेग वेगवेगळा असतो, आणि पायाखालची जमीन कधीही खचू शकते.

कुठला ढिगारा किती जुना, हे कसं कळतं?

भूशास्त्रज्ञांनी या खोऱ्यात हिमोढांच्या तीन मुख्य पिढ्या ओळखल्या आहेत. सगळ्यात जुनी भागीरथी अवस्था, सुमारे ६३ हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा बर्फ आजच्या गोमुखापासून जवळजवळ ४० किलोमीटर खाली, 'झाला' नावाच्या गावापर्यंत पोचला होता. त्या गावाच्या वरच्या हर्सिलला सफरचंदाच्या बागेत उभं राहून चहा पिताना एकदा डोळ्यांसमोर आणून बघा, तुमच्या डोक्यावर तेव्हा बर्फ होता. त्यानंतरची शिवलिंग अवस्था सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची, आणि भुजबास अवस्था अगदी अलीकडची, दोन-तीनशे वर्षांपूर्वीची.

हल्लीचा हिशेब आणखी नेमका आहे. १९३५ मध्ये जॉन ऑडन या भूशास्त्रज्ञानं गोमुखाचा नकाशा काढला (कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे हे थोरले बंधू). त्या नकाशाशी ताडून पाहिलं तर गोमुख तेव्हापासून साधारण दीड किलोमीटर मागे सरकलं आहे, म्हणजे सरासरीनं वर्षाला वीसेक मीटर. काही वर्षं वेग जास्त, काही वर्षं कमी.

आणि तिसरा मार्ग दगडफुलाचा. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं ते दगडफूल याच कुळातलं, पण हिमोढावरचं वेगळं : दगडाला रंग फासल्यासारखं घट्ट चिकटलेलं, पिवळट-हिरवं, काळ्या रेघांनी नकाशासारखं विभागलेलं. ते इतकं सावकाश वाढतं की त्याच्या चकत्यांचा व्यास मोजून दगड किती वर्षं उघडा आहे याचा अंदाज बांधता येतो. गोमुखाजवळचे दगड कोरे असतात. जसजसं खाली भोजवासाकडे याल तसतशा चकत्या दिसू लागतात, मोठ्या होत जातात. हा रस्ता परतीच्या वाटेवर मुद्दाम दगडांकडे बघत चालावा.

नव्यानं उघड्या पडलेल्या दगडांवर पहिलं कोण येतं?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार आहे.

बर्फ हटल्यावर जी जमीन उघडी पडते तिच्यात माती अशी नसतेच. खनिजं भरपूर, पण कुजलेला पाला नाही, आणि नत्र जवळजवळ शून्य. कुठलंही बी पडलं तरी उपाशीच. तरीही जीव येतात. जगभरच्या हिमनद्यांसमोर संशोधकांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली आहे : वनस्पतींच्याही आधी तिथे कोळी पोचतात. वारा खालच्या दरीतून माश्या, चिलटं, परागकण वर आणून टाकतो. त्यावर कोळी जगतात, त्यांची मृत शरीरं, जाळी, विष्ठा दगडांच्या फटीत साठते, आणि तिथली पहिली सुपीक चिमूटभर माती अशी तयार होते.

मग दगडफूल आणि शेवाळं. यांच्यातल्या काहींच्या अंगात हवेतला नत्र बांधणारे सूक्ष्मजीव असतात. ती दगडावर आणि ओलसर चुऱ्यावर एक पातळ, काळसर साय धरतात. बूट पडला की ती साय तुटते, आणि पुन्हा धरायला कित्येक वर्षं लागतात. "नुसती दगडमाती" म्हणून आपण ज्यावर बिनदिक्कत चालतो, ती बऱ्याचदा ही साय असते.

त्यानंतर फुलझाडं. नदीकाठच्या रेताड दगडगोट्यांत जुलै-ऑगस्टमध्ये गुलाबी-जांभळ्या फुलांचे ताटवे दिसतात. हे एपिलोबियम जातीचं झाड. त्याच्या बियांना कापसासारखे तंतू असतात, त्यामुळे ते वाऱ्यावर कुठेही पोचतं. काही वनस्पती जमिनीलगत उशीसारख्या गोल, गच्च वाढतात. दुपारी अशा एका उशीवर मी तळहात टेकवला होता : वर वारा हाडं गोठवत होता आणि उशी कोमट होती. एकदा नीट वाकून पाहिलं तर तिच्या पानांत बारीक माश्या बसलेल्या, आणि तिच्याच आधारानं दुसऱ्याच जातीचं एक रोप वर आलेलं. स्वतः ऊब धरायची आणि दुसऱ्याला आसरा द्यायचा, असं या उशीचं काम चालतं.

पुढे झुडपं येतात : बुटकी विलो, जुनिपर, आणि नदीच्या काठानं, दरडींच्या उतारांवर अमेश, म्हणजे सी-बकथॉर्न. अमेशच्या मुळांवरच्या गाठींत नत्र बांधणारे जिवाणू राहतात, आपल्या तूर-हरभऱ्याच्या मुळांवर असतात त्याच धर्तीचे, जरी जात निराळी. त्यामुळे अमेश जिथे रुजतो तिथली जमीन हळूहळू इतरांच्या राहण्याजोगी होते. आणि सगळ्यात शेवटी भूर्ज, म्हणजे भोजपत्राचं झाड.

म्हणजे गोमुखाकडून भोजवासाच्याही खालच्या चीडवासाकडे उतरताना तुम्ही कोऱ्या दगडापासून जंगलापर्यंतचा काही शतकांचा प्रवास एका दिवसात करता.

भोजवासाला भोजपत्राची झाडं का दिसत नाहीत? नाव तर तेच आहे.

होती, आणि तोडली गेली. भूर्ज हा या उंचीवरचा शेवटचा वृक्ष. त्याच्या वर झुडपं आणि बुग्याल, म्हणजे गवताची कुरणं. पूर्वी यात्रेकरूंच्या शेकोट्या, चहाच्या टपऱ्या आणि राहुट्या यांना जवळचं सरपण हेच होतं. इथे झाडाला हंगामात जेमतेम चार-पाच महिने वाढायला मिळतात. चुलीत एका संध्याकाळी जळालेलं खोड उभं राहायला पन्नास-साठ वर्षं लागलेली असतात.

ही गोष्ट मनावर घेतली ती डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी. त्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका आणि गिर्यारोहक. १९८१ मध्ये नंदादेवीच्या मुख्य शिखरावर पोचलेल्या तीन भारतीय महिलांपैकी एक, आणि पुढे २०२१ मध्ये भारतीय पर्वतारोहण संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. १९९० च्या दशकात त्यांनी चीडवासाला रोपवाटिका केली आणि भोजवासाच्या कुंपणबंद जमिनीवर भूर्जाची हजारो रोपं लावली. सगळी जगली नाहीत. जी जगली ती आज वाटेवरून दिसतात. त्यांच्याजवळ जाऊन साल ओढू नका. पातळ कागदासारखे पापुद्रे सुटून लोंबत असतात, हात शिवशिवतो, मला माहीत आहे. पण ते पापुद्रे झाडाचं थंडीतलं पांघरूण आहे. जबरदस्तीनं सोललं की आतली जिवंत साल उघडी पडते.

इथे ब्रह्मकमळ दिसेल का? आमच्या गॅलरीत आहे तेच ना?

दिसू शकेल, पण ते नाही. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या गॅलऱ्यांत पावसाळी रात्री फुलणारं, ज्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून पूजा केली जाते, ते मूळचं मध्य अमेरिकेतलं निवडुंगाच्या कुळातलं झाड आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं आणि उत्तराखंडचं राज्यफूल. फिकट पिवळट, कागदी पानांच्या द्रोणात त्याची खरी, जांभळट फुलं लपलेली असतात. तो द्रोण आत ऊब धरतो आणि पावसापासून परागकण वाचवतो. जुलै ते सप्टेंबर हा त्याचा काळ.

हिमोढावरचं अस्सल झाड मात्र त्याचं भावंड, फेनकमळ. दगडांच्या फटीतून लोकरीचा गोळा वर यावा तसं दिसतं. ब्रह्मकमळाच्या नादात लोक त्याच्यावरून पुढे निघून जातात.

प्राणी कोणते? हिमबिबट्या दिसतो का?

भरल, म्हणजे इथल्या रानमेंढ्या, नक्की दिसतील. भोजवासाच्या आसपास आणि गोमुखाच्या वरच्या तपोवनात त्यांचे कळप असतात. रंग हिमोढाच्या दगडासारखाच निळसर राखाडी, त्यामुळे कळप हलला की डोंगरच हलल्यासारखा वाटतो. हिमबिबट्याचं मुख्य भक्ष्य हेच. भारतातल्या हिमबिबट्यांच्या पहिल्या देशव्यापी गणनेत (२०१९ ते २०२३) देशात ७१८ आणि उत्तराखंडात १२४ असा अंदाज आला. मला तो एकदाही दिसलेला नाही, आणि त्याची मला खंत नाही. कॅमेरा ट्रॅपमध्ये तो येतो, एवढं पुरे आहे.

त्याच्याऐवजी पिका शोधा. मुठीएवढा, बिनशेपटीचा, सशाच्या गणातला प्राणी. सैल रचलेल्या हिमोढाच्या फटी हे त्याचं घर. दगडांच्या आत उन्हाळ्यात गारवा राहतो, हिवाळ्यात वर बर्फाची दुलई आली की आत बाहेरच्याइतकं तापमान उतरत नाही. त्याच फटींत त्याला शोधत फिरणारं डोंगरी विझल, मुंगसासारखं छोटं शिकारी जनावर, असतं. वाटेवर दहा मिनिटं हालचाल न करता बसलात, तर पिका स्वतःच बाहेर येऊन बघतो.

पक्ष्यांत मोनाल, हिमकोंबडा, पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे आणि डोक्यावरून शांतपणे जाणारं दाढीवालं गिधाड. तपकिरी अस्वलही या भागात आहे. त्याची वाट चुकवलेलीच बरी.

या भागाला कायद्यानं काय संरक्षण आहे?

गोमुख आणि आसपासचा परिसर गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येतो. उद्यान १९८९ मध्ये जाहीर झालं, क्षेत्रफळ सुमारे २,३९० चौरस किलोमीटर. तिबेटच्या सीमेकडची नेलांग खोऱ्याची थंड, कोरडी वाळवंटी बाजूही त्यातच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ इथे लागू आहे, म्हणजे झाड तोडणं, फूल खुडणं, प्राण्याला त्रास देणं हे गुन्हे आहेत.

उद्यानाच्या खाली, गोमुखापासून उत्तरकाशीपर्यंतचं सुमारे १०० किलोमीटर लांबीचं भागीरथीचं खोरं डिसेंबर २०१२ मध्ये पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झालं. क्षेत्रफळ ४,१७९.५९ चौरस किलोमीटर. मोठे जलविद्युत प्रकल्प आणि खाणकाम यांवर तिथे निर्बंध आहेत. त्याआधी २०१० मध्ये लोहारीनाग पाला हा ६०० मेगावॅटचा प्रकल्प अर्ध्यावर रद्द झाला होता, आणि त्यामागे पर्यावरण अभियंते प्रा. जी. डी. अगरवाल यांची उपोषणं होती.

दिवसाला फक्त १५० माणसं? आम्ही इतक्या लांबून येतो!

ही मर्यादा २००८ पासून आहे, आणि माझ्या मते ती योग्य आहे. वाट एकच आहे, अरुंद, सैल हिमोढावरून जाणारी. शौचाला जागा मर्यादित, आणि या थंडीत मैला महिनोन्‌महिने कुजत नाही. तो थेट भागीरथीत उतरतो. परवाना वनखात्याकडून घ्यावा लागतो आणि गंगोत्रीच्या पुढे कनखू नाक्यावर तपासला जातो. मे-जूनमध्ये आणि उत्तरेकडच्या श्रावणातल्या (आपल्या आषाढाच्या उत्तरार्धातल्या) कावड यात्रेत कोटा लवकर भरतो, तेव्हा एक दिवस हाताशी ठेवून या. गोमुखाच्या पुढे तपोवनाकडे जायचं असेल तर नियम वेगळे आहेत आणि ते बदलत असतात. निघण्याआधी वनखात्याला विचारा, यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नका.

आठवण म्हणून एखादा दगड आणला, किंवा दगडावर दगड रचून नवस बोललो, तर काय बिघडतं?

एकदा आमच्याबरोबरच्या एका काकांनी श्रद्धेनं सात दगडांची उतरंड रचली. आमचे वाटाडे, ज्यांना सगळे 'भैजी' म्हणतात, काही बोलले नाहीत. फक्त खालचा दगड जिथून उचलला होता ती जागा त्यांनी काकांना दाखवली. ओलसर खळगा, त्यात दोन कोळी सैरावैरा, आणि एका रोपट्याचं पांढरं मूळ उघडं पडलेलं. काकांनी स्वतःच एकेक दगड परत जागेवर ठेवला.

दगडाची खालची बाजू ही इथली ओलाव्याची आणि उबेची जागा आहे. दिवसाला शंभर माणसांनी पाच-पाच दगड उलटले तर हिशेब तुम्हीच करा. गंगाजल मात्र खुशाल न्या, फक्त गोमुखाच्या अगदी तोंडाशी जाऊन भरू नका. त्या भिंतीतून बर्फाचे कडे कधीही सुटतात.

हिमोढ धोकादायक असतात का?

असतात, कारण ते सिमेंटनं बांधलेले नाहीत. १७ जून २०१३ रोजी केदारनाथच्या वर चोराबारी ताल फुटला, तो हिमोढानंच अडवलेला होता. मुसळधार पाऊस आणि वितळलेला बर्फ यांनी तळं भरलं, बांध फुटला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जुलै २०१७ मध्ये मेरू बामकाच्या बाजूनं आलेल्या दगडमातीच्या लोंढ्यानं गोमुखाजवळचा भागीरथीचा प्रवाहच बदलला. ५ ऑगस्ट २०२५ ला गंगोत्रीच्या वाटेवरचं धराली गाव खीरगंगेतून आलेल्या चिखल-दगडांखाली गाडलं गेलं, तेव्हा महाराष्ट्रातलेही यात्रेकरू त्या खोऱ्यात अडकले होते. म्हणून पावसाळ्यात हवामानखात्याचा इशारा असेल तर निघू नका, आणि ओढ्याच्या तोंडाशी मुक्काम करू नका.

हिमनदी मागे हटली की झाडांना नवी जमीन मिळते. मग ते चांगलंच की!

काही जातींसाठी, काही काळापुरतं, हो. पण जमीन उघडी पडते ती एका उन्हाळ्यात, आणि तिची माती व्हायला शतकं लागतात. मधल्या काळात ती सैलच राहते आणि प्रत्येक पावसात खाली येते. शिवाय खालच्या जाती वर सरकतात तेव्हा वरच्यांना आणखी वर जायला जागा उरत नाही. फेनकमळाच्या वर फक्त खडक आणि आकाश आहे.

हटण्याची कारणं सगळी इथली नाहीत. डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेनं चीडवासाला हवेतली काजळी मोजली. २०१६ मध्ये ऑगस्टात ती दर घनमीटरमागे ०.०१ मायक्रोग्रॅम होती, मे महिन्यात ४.६२. मे म्हणजे खालच्या जंगलांतल्या वणव्यांचा आणि शेतातला काडीकचरा जाळण्याचा काळ. ती काजळी वर बर्फावर बसते आणि ऊन शोषते.

असे संरक्षित हिमोढ फक्त हिमालयातच आहेत का?

नाही. टोरांटोच्या मराठी मंडळींना एक घराजवळच सापडेल : ओक रिजेस मोरेन, सुमारे १६० किलोमीटर लांब. तिथला बर्फ हजारो वर्षांपूर्वीच गेला, आता त्यावर जंगलं, छोटी तळी आणि शेतं आहेत, आणि त्याच्या वाळू-गोट्यांत मुरलेलं पाणी अनेक नद्यांना पुरतं. बांधकामांनी तो गिळला जाऊ नये म्हणून ऑन्टारियोनं २००१ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

कधी जावं आणि काय बघावं?

उद्यान १ एप्रिलला उघडतं आणि ३० नोव्हेंबरला बंद होतं. गर्दी मे-जूनमध्ये. फुलं, दगडफूल आणि कीटक बघायचे असतील तर ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर. तेव्हा पाऊस ओसरू लागलेला असतो आणि भोजवासाच्या भूर्जांची पानं पिवळी पडायला लागतात. दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग खिशात ठेवा, दुकानात दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं. भोजवासाहून गोमुखाकडे निघालात की वाट न सोडता, वाटेच्या कडेच्या एखाद्या दगडाशी गुडघे टेकून बसा आणि त्याच्या सावलीच्या बाजूला भिंग लावा. ऊन चढायच्या आत, सकाळी आठच्या सुमाराला, शेवाळावर दव असतं आणि त्यातून फिरणारे टाचणीच्या टोकाएवढे जीव तेव्हाच दिसतात.